खुर्ची घडवणारा मजूर की कलावंत?



जंगलाच्या काठी पर्यटकांसाठी निवासस्थाने उभी राहत आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांकडे गेलात की ती दिसतात. अशा ठिकाणी येणाऱ्या पाहुण्याला प्लॅस्टिकची खुर्ची नको असते. बांबूची, आदिवासी घराची आठवण देणारी हवी असते. मागणी चांगलीच आहे. प्रश्न एवढाच, की तिचे पैसे आणि श्रेय कोणाच्या पदरात पडते?

बहुधा घडते ते असे. शहरातला जाणकार कागदावर आराखडा काढतो, तो 'डिझायनर'. गोंड किंवा बुरूड कारागीर खुर्ची घडवतो, तो 'मजूर'. एकाला मानधन, दुसऱ्याला रोजी. डोके एकाचे, हात दुसऱ्याचे ही वाटणी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणून ती आम्हांला चटकन ओळखू येते.

वास्तविक हे हातच विचार करीत असतात. मानवेल बांबू जवळजवळ भरीव, म्हणून तो खुर्चीच्या पायांना. बांबू तीन वर्षांचा पक्का झाल्यावर हिवाळ्यात तोडायचा. कोवळ्याला किडा लवकर लागतो. सरळ खिळा ठोकला तर बांबू चिरतो, म्हणून भोक पाडून खुंटी बसवायची. पायाचे टोक गाठीजवळ कापायचे, म्हणजे ते दबत नाही. हे सारे कारागिराला ठाऊक असते. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवणे, बैठकीची उंची सोळा ते अठरा इंच ठेवणे, हे शहरातला जाणकार सांगू शकतो. दोघांनी पहिल्या दिवसापासून शेजारी बसावे. सुपाची, टोपलीची, कुडाच्या तट्टीची वीण खुर्चीच्या पाठीला कशी शोभेल, हे विणणाऱ्यालाच विचारावे.

मालाचा हक्क आदिवासींनी झगडून मिळवला आहे. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूवर गावाचा हक्क मानला गेला. तसाच कारागिराच्या कसबावर त्याचा हक्क मानला जावा.

फर्निचरवर काढायच्या नक्षीलाही हाच न्याय लावला पाहिजे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारल्यांच्या घरी लग्नात स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो चौक उचलून कोणी खुर्चीच्या बैठकीवर रंगवला, तर त्या माउलींना काय वाटेल? कोणते चित्र फर्निचरवर चालेल आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बांबू ग्रामसभेकडून रास्त भावाने घ्यावा. आराखड्याचा मोबदला मजुरीपासून वेगळा द्यावा. नमुने करताना जे दिवस जातात, त्यांचेही पैसे धरावेत. करार मराठीत लिहून कारागिराच्या बोलीत वाचून दाखवावा. खुर्चीवर घडवणाऱ्याचे नाव असावे, आणि तीच घडण पुन्हा विकली तर त्याचा वाटा त्याला मिळावा.

आपल्या घरांतही सुतारकाम, बांबूकाम करणारी मुले आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली चौकशी जरूर करा. आणि मुलांना एक सवय लावा. स्वतः काढलेला प्रत्येक नमुना वहीत रेखाटावा, खाली तारीख आणि सही करावी. उद्या कोणी 'हे माझे' म्हणू लागला, तर ती वही दाखवता येईल.