उचलावे, ओढू नये

ज्येष्ठ सरत आला की घरोघरी गच्चीवरील सामानाची हलवाहलव सुरू होते. वेताच्या खुर्च्या आत येतात, लोखंडी बाक आडोशाला जातो, झोपाळ्याच्या गाद्या माळ्यावर चढतात. त्या दिवशी फरशीवरून ओढल्या जाणाऱ्या पायांची करकर जिन्यापर्यंत ऐकू येते. दुसऱ्या दिवशी शहाबादीवर पांढऱ्या रेघा दिसतात आणि गृहिणी हळहळते. त्या रेघांखाली आणखी काय चिरडले गेले, हे सहसा कोणी पाहत नाही.

मुनींच्या पाच समितींत चौथी आदाननिक्षेपण समिती. आदान म्हणजे उचलणे, निक्षेपण म्हणजे ठेवणे. कमंडलू वा शास्त्र उचलताना ती वस्तू आणि ठेवताना ती जागा आधी डोळ्यांनी पाहावयाची, मग पिंछीने हलकेच झाडावयाची. श्वेतांबर साधू-साध्वी हेच ओघ्याने करतात. श्रावकाकडून महाव्रताची ही काटेकोरी अपेक्षित नाही. तथापि वर्षभर एका जागी उभ्या राहिलेल्या बाकाइतकी ही समिती घरातील दुसऱ्या वस्तूला क्वचितच लागू पडत असेल.

अशा बाकाच्या पायांखाली ओल टिकते. तेथे मुंग्या वस्ती करतात, कुंडी लगत असेल तर गांडूळही आढळते. पोकळ नळीचे तोंड कुंभारीण माशीने मातीने लिंपलेले असते. द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय असे तिघांचे बिऱ्हाड एकाच आसनाच्या आश्रयाला! म्हणून पहिले काम हात लावण्याचे नाही, पाहण्याचे आहे, आणि ते दिवसाउजेडीच व्हावे. गाद्या आधी काढून त्यांच्या घड्या उलगडाव्यात. आसन एका बाजूने किंचित कलते करून थोडा वेळ थांबावे. मुंग्या आपली वाट धरतात. मग मऊ कुंचला फिरवावा. खराटा येथे नको. घरटे भरलेले दिसले तर तो बाक यंदा तेथेच राहू द्यावा. गंज चढेल, पण तो पुढे घासून रंग देता येतो.

या झाडण्याने फरशीही वाचते. ओरखडा पायाने पडला असे वाटते, परंतु पुष्कळदा तो पायाखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने पडतो. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्यांच्याच कुळातला. गारगोटीच्या कणापुढे तिघेही मऊच. म्हणून आसनाखालची जागा आणि ते नेण्याची सगळी वाटही झाडून घ्यावी.

उचलताना दोघांनी बैठकीखालच्या चौकटीला धरावे. हातांना धरून उचलल्यास सांधे खिळखिळे होतात. मेजावरची काच प्रथम उतरवून उभी धरून न्यावी. ग्रॅनाइटच्या पाटाची मात्र आधी मोजदाद करावी. चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाडीचा पाट सुमारे ४५ किलो भरतो. घरातील वडीलधाऱ्यांनी जोर आजमावण्याची ती जागा नव्हे. जड वस्तूखाली घोंगडी सारून ती ओढण्याची युक्ती सर्वपरिचित आहे. तिने फरशी सुरक्षित राहते, परंतु वाटेतले जीव घोंगडीखाली सापडतात. निरुपाय असेल तेव्हाच, आणि पुढे कुंचला चालता ठेवूनच ती वापरावी.

ठेवण्याकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. धाडकन टेकवलेल्या खुर्चीने फरशीचा टवका उडतो. पायांना रबरी बुचे बसवावीत. फिकट फरशीवर काळ्या रबराचे डाग पडतात, म्हणून ती पांढरी घ्यावीत. लोकरी चकत्या घरात चांगल्या, उघड्यावर त्या पाणी आणि वाळू दोन्ही धरून ठेवतात. जी आसने बाहेरच राहणार, ती चार दगडी ठोकळ्यांवर उंच ठेवावीत, म्हणजे खालून पाणी वाहून जाते आणि शेवाळ धरत नाही. शेवाळ अनंतकाय, ते एकदा धरले की पुढे प्रत्येक हालचालीत विराधना आली. आषाढ शुद्ध चतुर्दशीला मुनींचा वर्षायोग सुरू होण्यापूर्वीच हे काम आटोपलेले बरे.

कुंचला घरातील मुलांच्या हाती द्यावा. जमिनीलगतचे त्यांना मोठ्यांआधी दिसते. मजूर बोलावले असतील तर त्यांना पुढच्या कामाची घाई असते. त्यांच्याशी मजुरी ठरवतानाच अर्धा तास अधिक धरावा.