त्वचेवरील चट्ट्यांची ओळख : संसर्गजन्य व दाहजन्य विकारांतील भेद

प्रस्तावना

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. हा अवयव उघड्यावर असल्याने त्याचा विकार रुग्णाच्या आणि इतरांच्याही दृष्टीस चटकन पडतो. मराठीत गजकर्ण, नायटा, खरूज, इसब, शिबे, चिखल्या, करट, नागीण, कोड असे किती तरी शब्द रूढ आहेत. समाजाचा या विकारांशी जुना परिचय असल्याचे ते निदर्शक आहे. मात्र व्यवहारात या शब्दांचा वापर सैलपणे होतो. खाजणारा प्रत्येक चट्टा गजकर्ण ठरतो, तर फिकट दिसणारा प्रत्येक डाग कोड समजला जातो. अशा तर्कावर विसंबून औषधांच्या दुकानातून मलम आणले जाते आणि येथूनच खऱ्या अडचणीस प्रारंभ होतो. प्रस्तुत लेखात सामान्यतः आढळणारे संसर्गजन्य व दाहजन्य त्वचाविकार कोणत्या लक्षणांवरून वेगळे ओळखावेत आणि निदानापूर्वी लावलेले मलम घातक का ठरते, याचे विवेचन केले आहे.

संसर्ग आणि दाह

त्वचेची प्रतिक्रिया व्यक्त करण्याची साधने मोजकी आहेत. लाली, सूज, खवले, फोड, स्राव, खाज आणि रंगातील बदल एवढ्यांतूनच ती बोलते. त्यामुळे भिन्न कारणांचे विकार वरकरणी सारखे दिसतात. शिवाय सावळ्या वर्णावर लाली ही लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसते. गौरवर्णीय रुग्णांची छायाचित्रे पाहून तयार झालेली समजूत म्हणूनच भारतीय रुग्णांच्या बाबतीत अपुरी पडते.

संसर्गजन्य विकारात बुरशी, जिवाणू, विषाणू किंवा परजीवी त्वचेत वाढत असतो. त्याचा नाश करणे हा उपचार होय. दाहजन्य विकारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा अवाजवी प्रतिक्रिया देत असते. ती शमविणे हा उपचार होय. स्टेरॉइडयुक्त मलम प्रतिकारयंत्रणेला शांत करते. ते इसबात उपयोगी ठरते, परंतु बुरशीच्या संसर्गात तेच मलम बुरशीला मोकळे रान देते. दोन्ही गटांतील उपचारांची दिशा अशी परस्परविरोधी असल्यानेच त्यांतील भेद जाणणे महत्त्वाचे ठरते.

संसर्गजन्य विकार

(अ) गजकर्ण : केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीमुळे हा विकार होतो. मांड्यांचे सांधे, काखा आणि नाडी किंवा पट्टा घट्ट बसतो तो कंबरेचा भाग या घामेजलेल्या जागी तो प्रामुख्याने आढळतो. चट्टा गोलाकार असून त्याची कड उंचावलेली, खवलेयुक्त व सक्रिय असते, तर मध्यभाग तुलनेने निवळलेला असतो. बुरशी मध्याकडून बाहेर सरकत जात असल्याने हे वलय तयार होते. कडेवरील खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे तंतू दिसतात. ही तपासणी सोपी व अल्पखर्चाची आहे. पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांमध्येही पुष्कळदा बुरशीचा वाटा असतो.

(आ) शिबे : छाती, पाठ व मानेवर फिकट किंवा गडद रंगाचे, बारीक कोंडा असलेले डाग पडतात. त्वचेवर नित्य वास करणाऱ्या यीस्ट प्रकारच्या बुरशीची वाढ हे त्याचे कारण होय. डागातील संवेदना शाबूत असते.

(इ) खरूज : सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीची मादी कीटिका त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. इटलीतील वैद्य जोव्हान्नी बोनोमो यांनी १६८७ मध्येच या कीटिकेचे वर्णन केले होते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीभोवतीचा भाग व गुप्तांग यांवरील पुरळ आणि एकाच घरातील किंवा वसतिगृहाच्या एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी होणारा त्रास ही तिची लक्षणे होत. पहिल्या लागणीनंतर खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे खाज नसलेल्या सहवासितांवरही त्याच वेळी उपचार करावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला.

(ई) जिवाणूजन्य विकार : लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या धरणारे फोड हे वरच्या थरातील जिवाणुसंसर्गाचे चिन्ह होय. याउलट पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला व दुखरा होऊन ताप येणे हे खोल संसर्गाचे लक्षण असून त्यात त्याच दिवशी वैद्यकीय उपचार आवश्यक असतात.

दाहजन्य विकार

(अ) इसब : इसबाच्या चट्ट्याची कड अस्पष्ट असते. प्रारंभी त्यातून लस पाझरते, पुढे खाजवून त्वचा जाड व काळपट होते. संपर्कजन्य इसबाच्या बाबतीत चट्ट्याची जागाच कारण सुचविते. कानाच्या पाळीवरील इसब दागिन्यातील निकेलकडे बोट दाखविते. बिब्बा उतल्याने होणारा दाह ग्रामीण महाराष्ट्राला परिचितच आहे. १९५५ च्या सुमारास पुणे परिसरात ज्याची नोंद झाली, ते गाजर गवतही अशाच दाहाचे महत्त्वाचे कारण होय. शेतात काम करणाऱ्यांच्या पापण्या, मान व कोपरांच्या घड्या यांवर पुरळ येऊन त्या विशिष्ट हंगामात चिघळू लागल्यास या गवताचा विचार करावा लागतो.

(आ) सोरायसिस : या विकारात त्वचेच्या पेशी अतिजलद तयार होतात. कोपरे, गुडघे, टाळू व पाठीचा खालचा भाग यांवर स्पष्ट कडेचे, चंदेरी खवल्यांचे जाड चट्टे उठतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात. गजकर्णाप्रमाणे येथे मध्यभाग सहसा निवळत नाही. हा विकार स्पर्शाने पसरत नाही, तरीही रुग्णाचे ताट व टॉवेल वेगळे ठेवण्याचा प्रकार आढळतो. तो सर्वस्वी निराधार आहे.

बधिर चट्टा

या विवेचनात एका संसर्गाचा स्वतंत्र निर्देश आवश्यक आहे. फिकट किंवा तांबूस चट्टा असून त्यास खाज नाही व वेदनाही नाही, अशा वेळी कुष्ठरोगाची शक्यता तपासावी लागते. रुग्णास डोळे मिटण्यास सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्यास स्पर्श केला जातो. स्पर्श झालेली जागा त्याला बोटाने दाखविता आली नाही, तर संवेदना हरपल्याचे समजते. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे असतात आणि त्यांत संवेदना पूर्ण असते. राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तथापि रोग नाहीसा झालेला नाही. बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. तो सहा किंवा बारा महिने घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. मात्र विलंबामुळे झालेली मज्जातंतूंची हानी बहुधा भरून येत नाही. त्रास न देणारा चट्टा दुर्लक्षिला जातो आणि त्यातच त्याचा धोका सामावलेला आहे.

पुसल्या गेलेल्या खुणा

स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे भारतात सर्रास वापरली गेली आहेत. गजकर्णावर असे मलम लावताच दाह शमतो, खाज थांबते आणि रुग्णास गुण आल्यासारखे वाटते. आत बुरशी मात्र पसरत राहते. मलम थांबविताच विकार अधिक जोमाने उलटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. या चक्रात वलय, उंच कड व निवळलेला मध्य ही ओळखीची चिन्हे पुसट होतात आणि तज्ज्ञालाही निदान अवघड जाते. जांघेत व काखेत त्वचा पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात. त्यातच नेहमीच्या बुरशीनाशक औषधास अनेकदा दाद न देणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही बुरशी २०२० मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदली गेली. तिचे वर्णन भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून करण्यात आले होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड औषधांना चिठ्ठीविना विक्रीस असलेली सवलत काढून घेतली. परंतु घरात उरलेली, शेजाऱ्याने दिलेली नळी या नियमाच्या कक्षेत येत नाही. सोरायसिसमध्येही स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने घेऊन ती एकाएकी थांबविल्यास अंगभर पूयुक्त पुरळ उठून प्रकृती गंभीर होऊ शकते.

समारोप

चट्टा पाहताना पाच प्रश्न विचारात घेणे उपयुक्त ठरते. त्याची कड कशी आहे? तो शरीरावर नेमका कोठे आहे? खाज आहे का, आणि ती केव्हा वाढते? सहवासातील इतरांना तसाच त्रास आहे का? त्या जागी स्पर्श कळतो का? या प्रश्नांच्या उत्तरांतून निदान पूर्ण होत नाही, परंतु संशयाची दिशा ठरते आणि वैद्याकडे जाण्याची निकड कळते. ही उत्तरे मिळेपर्यंत चट्ट्यावर कोणतेही मिश्र मलम न लावणे, हा त्यांतील सर्वांत साधा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम होय. वर्गात, वसतिगृहात व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थ्यांच्या निकट असणाऱ्या अध्यापकाने लाजेपोटी लपविलेला चट्टा वेळेवर वैद्यापर्यंत पोहोचविला, तरी पुढील हानी मोठ्या प्रमाणात टळू शकते.