घाट चढायचा तर दाते मोजा!

मुलांनो, तुमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला किती दाते आहेत? सायकलीचा रंग तुम्ही झोपेतही सांगाल. कंपनी सांगाल, घंटी कशी वाजते तेही सांगाल. पण दाते? नाही ना सांगता येत! मग आज एक काम करा. पायडल जिथे जोडलेलं असतं त्या मोठ्या चक्राच्या एका दात्यावर खडूने खूण करा आणि मोजायला लागा. मग मागच्या चाकावरच्या छोट्या चक्राचे, म्हणजे फ्रीव्हीलचे दाते मोजा. (हात काळे होतील. चिंधीला पुसा, गणवेशाला नको!)

साध्या काळ्या सायकलीला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ आणि मागे १८ दाते भरतात. ४४ भागिले १८ म्हणजे साधारण २.४४. याचा अर्थ काय? तुम्ही पायडलचा एक फेरा पुरा केला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. त्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. खोटं वाटतं? आमच्या वर्गातल्या मुलांनाही वाटलं होतं. मग मैदानात चुन्याची रेघ मारली, एक फेरा मोजून सायकल ढकलली आणि टेप लावला. ५ मीटर ३५ सेंटिमीटर! गणिताच्या तासाला एवढा आरडाओरडा क्वचितच होतो.

सपाट रस्त्यावर ५.४ मीटर म्हणजे चैनच. पण आमच्या म्हसळा तालुक्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. माणगावकडून या, घोणसे घाट आडवा येतो. श्रीवर्धनकडे निघा, पुन्हा चढ-उतार. एसटी चुकली की हायस्कूलला जाणाऱ्या पोरांना सायकलचाच आधार. आणि चढ आला की बरीचशी पोरं खाली उतरून सायकल ढकलत असतात. ‘पायात जोर नाही’ असं मोठी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. हिशेब करून बघू या.

समजा, घाटात दर १०० मीटरला रस्ता ८ मीटर वर चढतो. तुमचं वजन ४० किलो आणि सायकलचं २०, मिळून ६०. एवढं वजन त्या उतारावरून मागे घसरू नये म्हणून ६० चे ८ टक्के, म्हणजे ४.८ किलोचा जोर सतत लावावा लागतो. एवढाच? हो, पण थांबा. पायडलच्या एका फेऱ्यात तुमचं पाऊल फिरतं जेमतेम १.०७ मीटर आणि सायकल जाते ५.४ मीटर. म्हणजे पाचपट! मग जोरही पाचपट लागणार. सरासरी २४ किलो! तोही फेरा पुरा होईपर्यंत. खरं तर पाय दाबतो फक्त वरून खाली येताना, म्हणून त्या वेळचा दाब याहूनही जास्त. चाळीस किलोचं पोर सीटवरून उठून सगळं अंग पायडलवर टाकतं, तरी सायकल डुगडुगते, ती यामुळेच.

आता गिअर म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. गिअर तुम्हाला फुकटची ताकद देत नाही, बरं का! घाटाची उंची तेवढीच राहते, कामही तेवढंच राहतं. फक्त एका फेऱ्यात सायकल कमी पुढे जाते, म्हणून जोर कमी लागतो आणि फेरे जास्त मारावे लागतात. विहिरीतून पाणी काढायचंच आहे, तर घागरीने चार खेपांत काढायचं की तांब्याने चाळीस खेपांत, असा हा प्रकार आहे. मोठ्या घागरीने खांदा भरून येतो, इथे गुडघा.

एके काळी सायकलवाल्यांना गिअरची लाजच वाटायची. ‘तूर द फ्रान्स’ ही जगातली सगळ्यात गाजलेली सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे जनक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांची सोय होती! मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चक्र असायचं. पर्वताच्या पायथ्याशी खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि मग चढायला लागायचं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

पुढे रेसर सायकलींना दोन चक्रं पुढे आणि बरीच मागे, अशी रीत पडली. पुढची चक्रं ५३ आणि ३९ दात्यांची. हे माप शर्यतीत धावणाऱ्या पोलादी पायांच्या लोकांचं! तुमच्या-आमच्यासाठी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘कॉम्पॅक्ट क्रँक’ बाजारात रुळला. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा आणि चक्रं यांचा संच. कॉम्पॅक्टमध्ये पुढची चक्रं ५० आणि ३४ दात्यांची असतात.

तुम्ही म्हणाल, जुन्याच क्रँकवर ३४ चं चक्र बसवलं तर? बसत नाही! जुन्या क्रँकचे चक्र धरणारे बोल्ट बहुतेक वेळा १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. तिथे ३८ पेक्षा लहान चक्र मावतच नाही. कॉम्पॅक्टमध्ये हे वर्तुळ ११० मिलिमीटरचं केलं, म्हणून ३४ ची जागा झाली. नावातला ‘कॉम्पॅक्ट’ तो हाच.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतून वरच्या वर्गात गेलेल्या एका मुलाला मुंबईच्या काकांनी जुनी रेसर सायकल पाठवली. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, वजनाला हलकी. वाडीतली सगळी पोरं बघायला जमली! आठ दिवसांनी पाहतो तर सायकल पडवीत भिंतीला टेकलेली आणि हा आपला एसटीच्या थांब्यावर. ‘गुर्जी, ती चढावर साध्या सायकलीपेक्षा जड जाते,’ म्हणाला. आजोबांचं मत पडलं, की विकून टाकावी.

आम्ही दाते मोजले. पुढे ५३ आणि ३९, मागे १२ पासून २५ पर्यंत. सगळ्यात हलका गिअर ३९ भागिले २५, म्हणजे चाकाचा घेर २.१ मीटर धरून एका फेऱ्यात ३.३ मीटर. हा गिअर साध्या सायकलीपेक्षा कितीतरी हलका होता. पण पोरगा तो वापरतच नव्हता! पुढची चेन कायम ५३ वर, कारण ‘मोठं चक्र म्हणजे रेसरचा गिअर’ असं कोणीतरी सांगितलेलं. लहान चक्रावर चेन आणली आणि अर्धं भांडण मिटलं. तरी घाटातल्या दोन वळणांवर दम तुटायचाच.

मग प्रश्न आला कॉम्पॅक्टचा. ३४ भागिले २८ केलं, तर एका फेऱ्यात साधारण २.५५ मीटर. मघाच्या हिशेबात २४ किलो होते, तिथे साडेअकरा! ताशी ९ किलोमीटरच्या वेगाने चढायचं, तर साध्या सायकलीवर मिनिटाला २८ जड फेरे, या गिअरवर ६० हलके. गुडघ्याला विचारा, त्याला काय आवडेल. आणि पुढचं चक्र लहान झालं म्हणून सपाटीवर वेग मरतो, ही समजूतही खरी नाही. ५० भागिले ११ हा गिअर ५३ भागिले १२ पेक्षा थोडा मोठाच भरतो. करून बघा भागाकार.

तोटा नाही असं नव्हे. ५० वरून चेन एकदम ३४ वर पडली की पाय रिकामे फिरतात. म्हणून त्याच वेळी मागची चेन एक-दोन चक्रं लहानाकडे न्यावी लागते. ही सवय व्हायला काही दिवस जातात. आणि गिअर चढाच्या आधीच बदलायचा. चढावर जोर लावत असताना बदलाल तर चेन कुरकुरते, कधी निसटतेही.

पण खरी अडचण होती पैशांची. अख्खा क्रँक बदलणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. मागचा दात्यांचा संच त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. म्हणून सगळ्यात मोठं चक्र २८ चं असलेला संच घेतला, चेन नवी आणि किंचित लांब घातली. ३९ भागिले २८ म्हणजे २.९ मीटर. कॉम्पॅक्टइतकं हलकं नाही, पण पोरगा आता एकाच वळणावर उतरतो. क्रँक दिवाळीत बघू, असं आजोबाच म्हणाले.

नवीच सायकल घेणार असाल, तर दुकानात आधी दाते विचारा. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं, हे दोनच आकडे चढाला लागतात. पुढे तीन चक्रं असलेली जाड टायरची सायकल असेल आणि त्यात लहान चक्र २४ चं, मागे मोठं २८ चं असेल, तर एका फेऱ्यात ती दोन मीटरही जात नाही. तिच्यावर आमचा घाट बसल्या बसल्या चढता येतो! मात्र ती जड असते आणि सपाटीवर रडते. रोजच्या वाटेत चढ किती आणि सपाटी किती, ते तुम्हालाच ठाऊक.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा, अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्या वाटेवरचे सगळे चढ एकावर एक रचले, तर ५० किलोमीटरहून उंच होतात! तिथे काही कोणी एकाच गिअरवर जात नाही.

आणि हो, चढलात की उतरायचंही असतं. पावसाळ्यात चाकाची रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो. म्हणून वळण यायच्या बरंच आधीपासून ब्रेक हलकेच दाबत, सोडत, रिम पुसत उतरा. ब्रेकची रबरं झिजली असतील तर जूनआधीच बदला. चारही रबरं मिळून खर्च फारसा येत नाही.