अंगाने बारीक, रक्तात साखर

मधुमेहाचे नाव काढले की आपल्या शहापूर-मुरबाडकडे हमखास ऐकू येते, "तो शेटलोकांचा रोग! दिवसभर चिखलात आवणी करणाऱ्याला कुठला होतोय?" पण वाचकहो, दवाखान्याच्या रांगेत बसलेली माणसे एकदा नीट पाहा. गाल बसलेले, हाडे वर आलेली, आणि चिठ्ठीवर मात्र साखरेच्या गोळ्या!

हेच कोडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पडले. ऑक्सफर्डला मधुमेहावर काम करून १९८० च्या दशकात ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात आले. विलायती पुस्तकांतला मधुमेही उतारवयाचा आणि लठ्ठ. इथे समोर येत ते त्या मानाने तरुण आणि बारीक.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड नावाची वीतभर लांब ग्रंथी असते. तिच्यातून अन्न पचवणारा रस येतो आणि इन्सुलिनही येते. रक्तातली साखर अंगाला लागते ती या इन्सुलिनमुळे. काही गरीब, तरुण रोग्यांच्या स्वादुपिंडात चक्क खडे होतात. पोट दुखते, एक्स-रेत खडे दिसतात आणि पुढे मधुमेह जडतो. याज्ञिकांनी अशा रोग्यांचा पुष्कळ अभ्यास केला. पण खडेवाले थोडेच. बाकीच्या बारीक माणसांचे काय?

उत्तर शोधायला ते थेट आईच्या पोटापर्यंत मागे गेले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या पथकाने बायकांची वजने घेतली, त्या काय खातात, किती राबतात ते लिहून ठेवले आणि बाळ जन्मले की तेही मोजले. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्पटन गावच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही!

मोठेपणीही हेच चालते. २००४ साली याज्ञिकांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! तेव्हा नुसत्या काट्यावर विसंबू नका. पोटाचा घेर पाहा आणि रक्त तपासा.

आता घरातल्या सासूबाईंनी कान द्यावा. त्या सहा गावांत गरोदरपणी शेतकाम, पाणी भरणे, धुणे अशी जड कामे जास्त करणाऱ्या बायकांची बाळे लहान निघाली. दूध, पालेभाज्या, फळे खाणाऱ्यांची त्या मानाने मोठी. आपल्या शहापुरात तानसा, भातसा अशी धरणे, त्यांचे पाणी मुंबईला. आणि उन्हाळ्यात पोटुशी बाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते. हा हंडा सुनेचा एकटीचा नव्हे. घरातल्या पुरुषाने सायकलला कळशी लावली म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. ते त्या गावांतल्या बहुतेक गरोदर बायकांत कमी होते. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नव्हते. (म्हणून दवाखान्यातली फोलिक ॲसिडची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारा.) पावसात आपण टाकळा, कुर्डू आवडीने खातो. खावाच, पण पाल्यात बी-१२ नसते. ते दुधात, अंड्यात, मासळीत. मुरबाडच्या बाजारातली सुकटही चालेल. माळकरी घरात दूध-दही. सगळे दूध विकायला जात असेल तर गरोदर बाईचा पेला आधी बाजूला काढा, आणि तिची साखर तपासून घ्या.

ती मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा बरीच सडपातळच होती, तरी अनेकांची साखर वाढू लागली होती. त्यांचे स्वादुपिंड पुरे पडत नव्हते. २०१२ पासून त्यांच्यातल्या काहींना लग्नाआधीच बी-१२ च्या गोळ्या सुरू केल्या. पुढे त्यांना बाळे झाली, आणि जन्मताच ती तिसरी पिढीही मोजायला घेतली.