मोजणी जुळेपर्यंत

‘कारागृह शिपाई’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दंडुका येतो. माझा बराचसा दिवस कैदी मोजण्यात जातो. सकाळी बराक उघडताना मोजणी, संध्याकाळी बंद करताना पुन्हा मोजणी. एक आकडा चुकला तर सगळे जागच्या जागी. आत बंदूक नसते. काठी, शिट्टी आणि तोंड, एवढंच हत्यार. त्यातलं तोंड जपून वापरायचं. नावानं हाक मारली की निम्मी भांडणं तिथंच विरतात.

मी महिला विभागात आहे. इथल्या बायका मला मॅडम म्हणतात, त्यांची लहानगी मावशी. मुलांना आईजवळ सहा वर्षांपर्यंतच राहता येतं. पुढे नातेवाईक, नाहीतर बालगृह. तो दिवस कुणालाच नको असतो. आणि हो, आतल्या सगळ्याच गुन्हेगार नसतात. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून सुरूच. जामीन मिळूनही पैशांअभावी अडकलेल्याही भेटतात.

नोकरीचं विचाराल तर बारावी पास हवं. मुलींसाठी उंची १५५ सेंटिमीटर, ८०० आणि १०० मीटर धावणं, गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदान सरावानं जमतं. रात्रपाळी, सणावाराची ड्युटी मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अर्ज भरताना ‘पोलीस शिपाई’ आणि ‘कारागृह शिपाई’ ही पदं वेगळी आहेत, जाहिरात नीट वाचा.