जी वाजते ती झिजते

जालन्यात जुनी मोटारसायकल बघायला गेलेला माणूस ओरखडे मोजतो आणि प्रत्येक ओरखड्यामागे किंमत पाडून मागतो. इलेक्ट्रिक गिटारच्या बाजारात हा हिशेब उलटा लागतो. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलहर याने १९६३ साली कॉर्क शहरातल्या एका दुकानातून १०० पौंडांची, १९६१ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर उधारीवर घेतली. पुढची तीस वर्षं ती त्याच्या घामात भिजत राहिली. बॉडीवरचा रंग जवळजवळ सगळा गेला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात याच गिटारला ८,८९,४०० पौंड मिळाले, आणि घेणाऱ्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. ही किंमत गिटारची नाही, वादकाच्या नावाची, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण फेंडर कंपनी १९९५ पासून नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, पोचे पाडून, रंग उडवून ‘रेलिक’ म्हणून चढ्या भावाने विकते आहे. त्यातल्या बहुतेकींवर कुठल्याच वादकाचं नाव नसतं, तरी गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा ओढ झिजेचीच आहे, हे मान्य करून पुढे जावं लागतं.

हौशी मंडळींकडे या ओढीचं उत्तर तयार असतं. जुनं लाकूड वाळतं, रंगाचा थर गेला की ते मोकळं होतं आणि आवाज खुलतो, असं ती सांगतात. हे पटवून घेणं अवघड आहे. इलेक्ट्रिक गिटारची पोलादी तार चुंबकावर थरथरते, त्यामुळे पिकअपमधल्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तीच ॲम्पकडे जाते. या वाटेत बॉडीवरच्या रंगाला फार तर पाहुण्याची जागा आहे. ज्याचा सगळा आवाज लाकडी पेटीतून उमटतो, त्या व्हायोलिनच्या बाबतीतही जुनेपणाचा महिमा चाचणीत टिकला नाही. २०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांच्या हाती तीन नवी आणि तीन जुनी वाद्यं दिली गेली. जुन्यांपैकी दोन स्ट्रॅडिव्हेरियस या नामवंत कारागिराची होती आणि एक तशाच ग्वार्नेरीचं. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस.

म्हणजे कार्यकारणभाव उलटा लावून पाहायला हवा. झिजते म्हणून गिटार चांगली होत नाही. चांगली असते म्हणून ती पुन्हापुन्हा हातात घेतली जाते, आणि त्यापायी झिजते. पन्नास-साठच्या दशकांतल्या गिटारी कारखान्यात झाल्या तरी त्यांच्या नेकला शेवटचा आकार हातानेच दिला जाई आणि पिकअपवर तार गुंडाळतानाही कामगाराचा हात असे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक पडे. जिचा नेक मुठीत बसला नाही किंवा आवाज मनासारखा लागला नाही, ती पेटीत पडून राहिली आणि तिचा रंग शाबूत राहिला. चकचकीत जुनी गिटार पाहिली की म्हणूनच थोडी शंका घ्यावी: इतकी वर्षं हिला कुणी हात का लावला नाही? झिजेला मी या अर्थाने साक्ष मानतो. तीही परिस्थितीजन्य, डोळे मिटून विश्वास टाकावा अशी नव्हे.

आपल्याकडच्या वाद्यांनी ही गोष्ट अधिक नेमकी करून ठेवली आहे. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात गायकामागे तानपुरे जुळू लागले की महाराष्ट्रातल्या जाणकाराला मिरज आठवतेच. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथे तंतुवाद्यांचे कारागीर निघाले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याचा झंकार घोडीच्या वरच्या पृष्ठभागावर, म्हणजे जवारीवर, अवलंबून असतो. तारेखाली तो घासत जातो आणि आवाज बोथट होतो. मग कारागीर तो पुन्हा घासून जवारी काढून देतो. झिजलेली जवारी आजोबांची आठवण म्हणून कुणी जपत नाही. गिटारवालेही तसेच. तारांनी खाचा पाडलेल्या नेकवरच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, ते बिनदिक्कत बदलतात. गॅलहरच्या गिटारचीही एक खुंटी बाकीच्यांहून वेगळी आहे. सुराच्या आड येणारी झीज दुरुस्त करायची आणि फक्त डोळ्यांना दिसणारी ठेवायची, हा विवेक दोन्हीकडे आहे.

यावर कुणी म्हणेल, झिजेचं कौतुक हे पोट भरलेल्यांचं. आक्षेपात दम आहे. मराठवाड्यातल्या वरातींपुढे वाजणारा बेंजो घ्या. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात काढलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. इकडे त्याला पिकअप बसला आणि तो भोंग्यातून गाऊ लागला. म्हणजे इलेक्ट्रिक तंतुवाद्यच. पण सुपारी घेतलेल्या रात्री त्याचा खटका अडकला तर पार्टीची पत जाते, म्हणून तिथे झिजलेल्या खटक्याला भाव नाही. शिवाय ज्याच्याकडे एकच वाद्य आहे, तो तेच वाजवणार. मग ती झीज वाद्याची नव्हे, गरजेची साक्ष ठरते. गॅलहरच्या सुरुवातीच्या वर्षांना हे लागू पडतं. पुढे मात्र हवी ती गिटार घेण्याची ऐपत आली, इतर गिटारीही आल्या, तरी त्याने हीच मुख्य ठेवली. माझ्या लेखी या नंतरच्या वर्षांच्या झिजेला जास्त वजन आहे.

आता रेलिक. तिची सरसकट टिंगल करणं मला पटत नाही. नेकच्या पाठीवरचं वार्निश गेलं की अंगठा चिकटत नाही, सरकतो. जालन्याच्या मे महिन्यात घामेजल्या हातांनी वाजवणाऱ्याला हे सुख काय आहे ते सांगावं लागणार नाही, आणि ते कारखान्याने सॅंडपेपरने दिलं तर बिघडलं काय? बॉडीवरच्या ओरखड्यांची गोष्ट वेगळी. ते न वाजलेल्या वाद्याला वाजल्याचा दाखला देतात. निवड झालेलीच नाही आणि निकाल मात्र छापून तयार, असा हा प्रकार. दिसायला देखणा आहे म्हणून कुणी घ्यावाही, पण त्यावरून गिटारची पारख करू नये.

जुनी गिटार घेणाऱ्याने मग काय पाहावं? खरी झीज हात जिथे लागतो तिथेच असते: बॉडीच्या वरच्या कडेवर, जिथे कोपराखालचा हात टेकतो, तारांखाली, जिथे पिक घासतं, नेकमागे अंगठ्याच्या वाटेवर आणि पहिल्या काही फ्रेटांत. ओरखडे सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले तर ते हाताने वाजवून पडलेले नाहीत. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला टोचतात. हवामानाने केलेली ही झीज वाजवण्याची नव्हे, ती कानशीने घासून काढता येते. फ्रेट बदलता येतात, पिकअपही बदलता येतो. नेकला पीळ पडला असेल तर मात्र रंग कितीही सुंदर उडालेला असो, गिटार परत करावी.