पोपटमासा : बेटांची वाळू दळणारा

कामगार चळवळीतल्या माणसाने माशावर का बोलावे, असे कोणी विचारील. पण कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या श्रमाने झाली, हे विचारण्याची आम्हांला सवय असते. मालदीव बेटांवरच्या पांढऱ्या वाळूविषयी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर येते : पोपटमासा.

हा मासा उष्ण समुद्रांतील उथळ प्रवाळखडकांच्या आश्रयाने राहतो. पुढचे दात एकमेकांस जुळून त्यांची चोच झालेली असते, म्हणून हे नाव. बहुतेक जातींत माद्या करड्या-तपकिरी, तर मोठे नर हिरवे-निळे. नवल असे की पुष्कळ जातींत मादीच पुढे नर होते आणि रंगही पालटते. काही जाती रात्री अंगाभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी करून कपारीत झोपतात.

खडकावरचे शेवाळ आणि खडकाच्या आत वाढणारे सूक्ष्म जीव हे याचे मुख्य अन्न. त्यासाठी तो खडक खरवडतो. घशात दातांचे दुसरे जातेच असते. तिथे चुनखडी दळली जाते. अन्न अंगी लागते, भुगा वाळू होऊन बाहेर पडतो. वक्कारू या मालदीवच्या बेटाभोवती वर्षाला सुमारे ५.७ लाख किलो नवी वाळू तयार होते आणि तिच्यातील ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांची, असा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. लाटा वाळू नेतात; नवी येत राहिली तरच बेट टिकते. शिवाय शेवाळ आटोक्यात राहिल्याने नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा मिळते. हे ओळखून बेलीझ देशाने २००९ साली पोपटमासे पकडण्यास बंदी केली.

पण नुसती बंदी पुरत नाही. कोळ्याच्या ताटातला एक मासा काढून घेतला, तर दुसऱ्या घासाची सोय करावी लागते. आणि समुद्रच तापला, तर मासा वाचवूनही भागत नाही. १९९८ व २०१६ साली मालदीवचे पुष्कळ प्रवाळ उष्णतेने पांढरे पडून मेले. मेलेला खडक काही काळ दळला जाईल. पण नवा वाढला नाही, तर जात्यात घालायला दाणाच उरणार नाही. आपल्या लक्षद्वीपची बेटेही प्रवाळाचीच आहेत, हे ध्यानात ठेवावे.